दुसरी भाषा शिकताना : एरर येत नाही, पण उत्तर चुकतं

या वेळचे बरेच प्रश्न एकाच वळणावरचे आहेत. पहिली प्रोग्रॅमिंग भाषा बऱ्यापैकी जमली, दुसरी हातात घेतली आणि येत असलेलंही चुकायला लागलं. त्यातले चार प्रश्न इथे घेते.

प्रश्न : डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सी शिकले, आता पायथन आहे. दोन संख्या विचारून बेरीज दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. ५ आणि ६ दिले की उत्तर ५६ येतं. एररसुद्धा येत नाही. काय चुकतंय?

तुमचं लॉजिक बरोबर आहे, सवय सीची आहे. सीमध्ये इनपुट घ्यायला स्कॅनएफ लिहिताना तुम्ही टक्का-डी देता. येणारी गोष्ट पूर्णांक आहे, हे तिथेच सांगून टाकता. पायथनचं इनपुट तसं काही विचारत नाही. कीबोर्डवरून येईल ते स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ, म्हणूनच हातात देतं, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह आलं की त्या एकमेकींना जोडल्या जातात. दोन्ही इनपुट इंटच्या कंसात घाला, म्हणजे त्यांचे पूर्णांक होतील आणि ११ येईल.

मशीन ज्या चुकांवर ओरडतं, त्यांची मला काळजी वाटत नाही. कोलन विसरलात, टॅब आणि स्पेस मिसळल्या, की लगेच एरर दिसते आणि आठवडाभरात हाताला वळण लागतं. जपायचं ते दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या गोष्टींपासून. ७/२ घ्या. सीमध्ये उत्तर ३, पायथनमध्ये ३.५. (जुन्या पुस्तकात पायथनचं उत्तरही ३ छापलेलं दिसलं, तर ते पायथन २ चं आहे. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली.) पूर्णांक हवा असेल तर ७//२ लिहायचं. पण -७//२ चं उत्तर -४ येतं, आणि सीमध्ये -७/२ चं -३. सी अपूर्णांक नुसता कापून टाकतं, पायथन खालच्या पूर्णांकावर जातं. अशी एकेक जोडी सापडेल तशी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. माझ्या वर्गात हे पान मी प्रत्येकाकडून करून घेते.

प्रश्न : गुणांच्या यादीची प्रत ठेवली आणि मूळ यादीत एक गुण बदलला. प्रतीतही तोच बदल झाला! हा पायथनचा दोष आहे का?

दोष नाही, पण हा प्रश्न पडलाच पाहिजे असा आहे. सीमध्ये व्हेरिएबल म्हणजे डबा. एका डब्यातला आकडा दुसऱ्यात ठेवला की दोन डबे, दोन आकडे. पायथनमध्ये नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. तुम्ही 'जुने = गुण' लिहिलंत तेव्हा नवा डबा आलाच नाही, त्याच डब्यावर दुसरी चिठ्ठी लागली. मग 'गुण' म्हणून डबा उघडा नाहीतर 'जुने' म्हणून, आत दिसणार तेच.

खरी प्रत हवी असेल तर यादीच्या नावापुढे डॉट कॉपी लावा. यादीच्या आत पुन्हा याद्या असतील तर तेवढ्याने भागत नाही, कारण आतले डबे तेच राहतात. तिथे कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरायचं. हे वाचून सोडू नका. तीन गुणांची यादी घ्या, कागदावर डबा आणि चिठ्ठ्या काढा, एकेक ओळ चालवा आणि चित्र बदलत जा. पंधरा मिनिटं लागतील, पण पुढचे कित्येक घोळ वाचतील.

प्रश्न : पुढे सगळं पायथनमध्येच करायचं आहे. मग सीचं वर्ष वाया गेलं का?

मुळीच नाही. आपण सर्रास वापरतो ते पायथन स्वतःच सीमध्ये लिहिलेलं आहे. शिवाय एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. टर्बो सी या जुन्या सी कंपायलरमध्ये इंट घेऊन ७ चं फॅक्टोरियल (१ ते ७ चा गुणाकार) ५०४० बरोबर येतं, आणि ८ चं ४०३२० यायच्या ऐवजी -२५२१६. तिथे इंटला १६ बिट असतात आणि ३२७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. पायथन १०० चं फॅक्टोरियलही १५८ अंकांसकट बिनबोभाट देतं. आकड्याला जागा लागते, ती कोणीतरी पुरवत असतं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. थेट पायथनपासून सुरुवात करणाऱ्यांना ते मुद्दाम दाखवावं लागतं.

प्रश्न : तीन महिने पायथन करतोय. मित्र म्हणतात, नोकरीसाठी जावा घे. आत्ताच बदलू का?

कोणाचं न बघता शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्यातली चूक स्वतः शोधता येते का? येत नसेल तर अजून थांबा. अर्धवट पहिल्या भाषेवर दुसरी चढवली की चूक विचारात आहे की भाषेत, हेच कळेनासं होतं.

येत असेल तर खुशाल जा. नवा कोर्स लावण्याआधी तुमचाच एखादा जुना प्रोग्रॅम जावात पुन्हा लिहा, पण ओळीला ओळ लावून नको. पायथनचा कोड बंद करून ठेवा आणि काम काय होतं तेवढंच आठवून लिहा. पासवर्ड तपासणारा प्रोग्रॅम असेल तर उत्तमच. पायथनमध्ये दोन स्ट्रिंग == ने तुलना केल्या की त्यातली अक्षरं पाहिली जातात. जावात तेच == 'ही एकच वस्तू आहे का' एवढंच विचारतं, म्हणून बरोबर टाइप केलेला पासवर्डही चुकीचा ठरतो. तिथे इक्वल्स लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर तुमची पहिली नोंद हीच करा.