परसबाग : तुमचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नागपूरशेजारच्या फेटरीजवळ घरामागे टमाटर, वांगी, सांभार (कोथिंबीर) आणि वाटाणा लावलाय. थंडी वाढली तसे टमाटरचे शेंडे काळे पडले. रोज रात्री प्लास्टिक पांघरतो, तरी पानं करपतातच. उरलेलं वानरं आणि रानडुकरं नेतात. घरच्या घरी काही होईल का?

उत्तर : प्लास्टिक पानाला चिकटतं आणि चिकटलं तिथेच पान जातं. त्यापेक्षा जुनी सुती लुगडी काढा. वाफ्याभोवती पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) रोवून त्यावर मांडव घाला, कापड शेंड्यांच्या वीतभर वर राहू द्या. कडा जमिनीपर्यंत सोडून विटा ठेवा. मातीने दिवसा घेतलेली ऊब रात्री निघून जाते, ती अडवायची आहे. बाजू उघड्या ठेवल्या तर सगळी मेहनत वाया. पाणी दुपारीच द्या, ओली माती ऊब जास्त धरते. ऊन आलं की कापड काढायचं.

हे रोज नको. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, त्या रात्री जपा. पेपरातला आकडा माणसाच्या उंचीवरच्या हवेचा असतो, अशा रात्री जमिनीलगतची पानं त्याहून गार होतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होते, तेव्हा माझी उघड्यावरची टमाटर गेली. आंब्याखालची चार मात्र तगली. काळे शेंडे आत्ताच छाटू नका, थंडी सरू द्या.

डुक्कर खालून घुसतं. बोराटीच्या फांद्या बुंधे आत, काटे एकमेकांत अडकतील अशा जमिनीलगत दाबून रचा. वीतभर फट राहिली तरी ते नाक घालतं. तारेत करंट सोडायचा सल्ला कुणी देईलच. त्यात माणसं मेली आहेत, तो गुन्हाही आहे.

वानरांपुढे मात्र मी हरले. बुजगावण्याला यजमानांचा कोट घातला, तर तिसऱ्या दिवशी एक पिल्लू त्याच्याच खांद्यावर बसून माझा वाटाणा सोलत होतं! चकाकणाऱ्या पट्ट्या, डबे, सगळ्याला ती आठवड्यात सरावतात. वाटाण्यावर चारी बाजूंनी जाळी बांधा, आणि कडेला कांदा-लसूण लावा. निदान माझ्याकडे त्याला अजून कुणी तोंड लावलेलं नाही. आणि शेजारी गच्चीवरून पोळ्या टाकत असतील, तर आधी त्यांच्याकडे चहाला जा.