पानं भरपूर, फुलं मात्र नाहीत

प्रश्न : फोर्सिथियाचं झुडूप आता डोक्याच्याही वर गेलं आहे. दर वर्षी थंडी संपता संपता, पालवी फुटायच्या आधी, मी ते सगळीकडून गोल कापून घेते. पानं दाट येतात, पण पिवळी फुलं चार-दोनच, तीही आतल्या बाजूला. खत वाढवलं, तरी फरक नाही. काय करावं?

उत्तर : झाड ठणठणीत आहे. फुलं तुमच्या कात्रीखाली जाताहेत, एवढंच.

मोगरा थंडीत छाटायची आपल्या हाताला सवय असते. मोगऱ्याला ते मानवतं, कारण त्याला कळ्या नव्या फुटीवर येतात. फोर्सिथिया मोगऱ्याच्याच कुळातला, पण चाल उलटी. यंदाच्या फांद्यांवर उन्हाळ्यातच त्याच्या कळ्या तयार होतात, थंडीभर मिटून बसतात आणि वसंतात पानांच्या आधी उमलतात. पटत नसेल तर येत्या थंडीत एखादी फांदी जवळून बघा. पेरापेराशी टपोऱ्या कळ्यांचे झुबके दिसतील, ती फुलं. एकटाच बारीक टोकदार डोळा असेल, तर तिथून पान येणार.

तेव्हा यंदा थंडीत कात्री उचलूच नका. झाडाला फुलू द्या आणि फुलं गळली की दोन-तीन आठवड्यांत छाटणी उरका. फार लांबवलीत, तर पुढच्या वर्षीच्या कळ्या जातील.

कापायचं कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. शेंडे नकोत, बुंधा. जाड, करड्या, खरबरीत सालीच्या जुन्या फांद्या शोधा आणि त्यातल्या तीनांपैकी एक या हिशेबाने जमिनीलगत काढा. कात्री झेपत नसेल तर छोटी करवत घ्या. तळातून नवे धुमारे येतील. असं तीन वर्षं केलंत की सगळं झुडूप नवं होतं आणि एकही वसंत फुलांवाचून जात नाही. सगळंच वीतभर ठेवून छाटलं तरी ते मरत नाही, पण मग एक-दोन वर्षं फुलांचं नाव काढायचं नाही. शेंडे कापत राहिलात तर प्रत्येक कापाखाली काटक्यांची केरसुणी होते, आत ऊन पोचत नाही. गोल गरगरीत कापलेला फोर्सिथिया मला तरी बघवत नाही. त्याच्या फांद्यांनी कमानीसारखं वाकायलाच हवं.

या झाडाला ज्यांचं नाव दिलं, ते विल्यम फोर्सिथ १८व्या शतकातले स्कॉटिश माळी. शेण, चुना, राख आणि वाळू यांचा झाडांच्या जखमांवरचा त्यांचा लेप त्या काळी फार गाजला होता. तुम्ही मात्र कापलेल्या जागी काहीही लावू नका, जखम आपसूक भरते.

खत थांबवा. नत्र जास्त झालं की पानंच माजतात. वर्षातून एकदा बुंध्याशी कंपोस्ट पुरे. ऊन मात्र रोज सहा तास तरी हवं.

प्रश्न : आमच्या फोर्सिथियाला फक्त खालच्या हातभर भागात फुलं येतात. छाटणी तर आम्ही करतच नाही.

उत्तर : बर्फ पडत असणार. साध्या जातींच्या कळ्या उणे २०-२५ अंशांच्या आसपास मरतात, फांदी जगते. बर्फाखाली झाकलेल्या कळ्या तेवढ्या वाचतात. ‘नॉर्दर्न गोल्ड’ किंवा ‘मेडोलार्क’ लावा, दोन्ही जास्त काटक आहेत.

प्रश्न : रोपं कशी करायची?

उत्तर : वाकलेली फांदी मातीला टेकली की तिथे मुळं धरते, त्यामुळे दाब कलम सर्वांत सोपं. वसंतात फांदीचा मधला भाग मातीत दाबून वर दगड ठेवा, पुढच्या वर्षी तोडून लावा. आणि थंडीच्या शेवटी हात फारच शिवशिवले, तर दोन-तीनच फांद्या कापून घरात पाण्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत फुलतील. पाणी तेवढं बदलत राहा.