गणपतीबाप्पा गुलाबी का झाले?

प्रश्न : काका, सासूबाईंच्या पंचाहत्तरीची पत्रिका मी घरीच फोटोशॉपमध्ये करते आहे. वरती खजराण्याच्या गणपतीचा फोटो, खाली घरातल्या १२ जणांचे जुने फोटो आणि प्रत्येकाखाली नाव. झाले की २५ लेअर, म्हणजे एकावर एक रचलेले थर! आता सासरे म्हणतात नावं लहान कर, नणंद म्हणते फोटो पिवळट दिसताहेत, आणि ह्यांना प्रत्येक फोटोला पांढरी चौकट हवी. एकेक लेअर धरून करत बसले तर कार्यक्रम उरकून जाईल. सगळे एकदम धरले तर ब्रशच्या जागी रेघ मारलेलं वर्तुळ येतं.
– एक सून, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रेघ मारलेलं वर्तुळ बघून घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. ब्रश एका वेळी एकाच लेअरवर चालतो. पण तुम्हाला हवी असलेली तिन्ही कामं ब्रशाची नाहीतच.

आधी धरायचं कसं ते. लागून असलेले लेअर हवे असतील तर पहिल्यावर क्लिक, मग शिफ्ट दाबून शेवटच्यावर. मधले-मधले वेचायचे असतील तर कंट्रोल दाबून एकेक. कंट्रोल दाबाल तेव्हा लेअरच्या नावावर क्लिक करा, शेजारच्या छोट्या चित्रावर नको. चित्रावर केलं तर लेअर धरला जात नाही, फोटोभोवती मुंग्यांच्या रांगेसारखी तुटक रेघ फिरायला लागते. माझ्याकडे शिकायला येणारी निम्मी मुलं पहिल्या दिवशी तिथेच अडकतात.

सासऱ्यांचं काम सगळ्यांत सोपं. लेअर पॅनलच्या डोक्यावर टी हे अक्षर असलेलं बारीक बटण आहे, ते दाबलं की फक्त मजकुराचे लेअर दिसतात. बाराही नावं धरा, मजकुराचं हत्यार घ्या आणि पत्रिकेवर कुठेही क्लिक न करता वरच्या पट्टीत आकडा बदला. बारा नावं एकदम लहान. फाँट आणि रंगही असाच बदलतो. पत्रिकेवर क्लिक केलंत तर नवा मजकूर लिहायला सुरुवात होईल, म्हणून हात आवरा.

चौकटीसाठी एकाच फोटोला लेअर स्टाइलमधून पांढरा स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, द्या. त्या लेअरवर उजवं क्लिक, कॉपी लेअर स्टाइल. उरलेले अकरा धरा, पुन्हा उजवं क्लिक, पेस्ट लेअर स्टाइल. झालं.

आता नणंदबाईंचा पिवळेपणा. इथे जरा बसून बोलू, कारण ह्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

बारा लेअर धरून वरच्या मेनूतून रंग बदलायला जाल तर पर्याय करडे दिसतील, दाबलेच जाणार नाहीत. म्हणून बाराही फोटो धरून कंट्रोल-जी दाबा, त्यांचा ग्रुप होतो. ग्रुपच्या आत, सगळ्या फोटोंच्या वर, कलर बॅलन्सचा ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या लेअरचा रंग वरूनच बदलणारा थर) ठेवा आणि पिवळ्याची दांडी निळ्याकडे थोडी सरकवा. मूळ फोटोंना धक्का लागत नाही, उद्या नणंदबाईंचं मत बदललं तर दांडी परत फिरवता येते.

काही वर्षांपूर्वी एका मुंजीच्या पत्रिकेत मी अगदी एवढंच केलं आणि खुशीत फाइल पाठवून दिली. प्रूफ बघायला गेलो तर मशीनवरचा पोरगा कागद उजेडात धरून म्हणतो, ‘‘भिया, बप्पा गुलाबी क्यों हो गए?’’ शेंदरातलं पिवळं गेलं की उरणार काय, गुलाबीच! माझा गणपती पत्रिकेत वर दिसत होता, पण लेअरच्या थप्पीत तो ग्रुपच्या खाली होता. ग्रुप केला की त्याचा मोड आपोआप ‘पास थ्रू’ असतो. म्हणजे आतल्या ॲडजस्टमेंटचा रंग ग्रुपची वेस ओलांडून खालच्या सगळ्यांवर उतरतो. ग्रुपवर क्लिक करून वरच्या खिडकीत ‘पास थ्रू’च्या जागी ‘नॉर्मल’ करायचं, की रंग आतल्या आत राहतो. एवढी एकच गोष्ट. यजमानांनी प्रूफ बघितलं नव्हतं, हे नशीब.

जाता जाता : बाराही फोटो धरून कंट्रोल-टीने लहान करू नका. ती अख्खी रांग एक चादर समजून आवळली जाते, फोटोंमधलं अंतरही कमी होतं. प्रत्येकाला जागच्या जागी लहान करणारी ‘ट्रान्सफॉर्म ईच’ची सोय इलस्ट्रेटरमध्ये आहे, फोटोशॉपमध्ये तसं बटण मला तरी हवं होतं. ओळीत नीट बसवायला मात्र मूव्ह हत्यार घेतल्यावर वर दिसणारी अलाइन-डिस्ट्रिब्यूटची बटणं वापरा. डोळ्यांच्या अंदाजाने करू नका, मावससासरे पट्टी घेऊन बसतात.

आणि कोपऱ्यांत कोयऱ्या टाकणार असाल तर पहिल्या कोयरीवर उजवं क्लिक करून तिला स्मार्ट ऑब्जेक्ट करा (मूळ चित्र आत जपणारी डबी), मग कंट्रोल-जेने तिच्या तीन प्रती काढा. एकीच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक करून आत बदल केला, सेव्ह केलं, की चारही बदलतात. ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ने काढलेली प्रत मात्र वेगळी चूल मांडते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या संगणकावर फोटोशॉपसारखंच चालणारं गिम्प आहे, पण जुनं, २.१०. त्यात शिफ्ट-कंट्रोलने लेअर धरलेच जात नाहीत.
– एक कार्यकर्ता, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : त्यात ती सोयच नव्हती. डोळ्याच्या चिन्हाशेजारी क्लिक केलं की साखळी उमटते, साखळी लावलेले लेअर एकत्र हलतात. फोटोशॉपमध्येही आम्ही २००५च्या सीएस २ आवृत्तीपर्यंत साखळ्याच लावत होतो. आणि १९९४च्या आधी तर लेअरच नव्हते, फोटोशॉप ३.०ने ते आणले. अनेक लेअर एकदम धरणं गिम्पमध्ये मार्च २०२५ला आलेल्या ३.०पासून जमतं. फुकट आहे, उतरवून घ्या. फक्त मंडळाच्या जुन्या फाइलींची प्रत आधी बाजूला काढा : नव्यात सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या कार्यकर्त्याच्या जुन्या गिम्पमध्ये उघडेलच असं नाही.