वाचकांचे प्रश्न : दुर्बीण सांभाळणाऱ्यांचे आभार

प्रश्न : आमच्या आकाशदर्शन मंडळात सभासद पुष्कळ, पण ८ इंची आरशाची, फिरत्या बैठकीवरची डॉब्सोनियन दुर्बीण नेणं, लावणं, जपणं वर्षानुवर्षं दोघेच करतात, तेही विनामोबदला. वार्षिक सभेत त्यांचा सत्कार करायचा आहे. शाल-श्रीफळापलीकडे काय करावं?
— एक सभासद, रामबाग, इंदूर

उत्तर : शाल-श्रीफळ जरूर द्या. मात्र सत्काराच्या भाषणात ‘अथक परिश्रम’ म्हणून मोकळे होऊ नका. ते काय करतात ते नेमकं सांगा. इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवर ७ वाजता कार्यक्रम असेल तर दुर्बीण सव्वासहालाच उघड्यावर मांडावी लागते. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. तोवर त्यावरून उठणाऱ्या उबदार हवेमुळे शनीची कडी थरथरताना दिसतात. गाडीच्या हादऱ्यांनी आरसे हलतात, म्हणून दर खेपेला कॉलिमेशन, म्हणजे आरसे पुन्हा एका रेषेत आणणं, आलंच : आधी दुय्यम आरसा, मग मुख्य आरशामागचे स्क्रू. लोक घरी गेल्यावरही काम उरतं. दवाने ओल्या झालेल्या काचांवर तसंच झाकण लावलं तर आत बुरशी धरते आणि ती काचांवरचा लेप खराब करते. म्हणून घरी नेऊन सगळं कोरडं करायचं, मगच झाकायचं. पावसाळाभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर लक्ष ठेवायचं ते वेगळंच.

यातला भार उचलणं हेच आमच्या मते खरे आभार. दर कार्यक्रमाला दोन सभासद नेमा : एक सामान चढवायला-उतरवायला (नळी आणि बैठक मिळून वीसेक किलो भरते), दुसरा रांग सांभाळायला. आवराआवर होईपर्यंत दोघांनी थांबायचं. पेट्रोलचा खर्च वर्गणीतून द्या, आणि तो त्यांना मागायला लावू नका. अशी माणसं मागत नाहीत, खिशातून घालत राहतात. कॉलिमेशन शिकायचं असेल तर दिवसा, त्यांच्या सोयीने शिका. आणि मदतीच्या उत्साहात आरसा रुमालाने पुसू नका. धुळीचे कण घासले जाऊन कायमचे ओरखडे पडतात. थोडी धूळ बसलेली चालते.

आणखी एक सुचवतो. दुर्बीण चालवणाऱ्याला स्वतःला पाहायला वेळच मिळत नाही. दर दोन मिनिटांनी ग्रह सरकतो, तो पुन्हा मध्यभागी आणायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली अमावास्येजवळची एक रात्र त्या दोघांसाठी राखून ठेवा. रांग नको, प्रश्न नकोत. देवयानी दीर्घिका, मृगातला तेजोमेघ, त्यांना हवं ते हवा तितका वेळ पाहू द्या. सामान तुम्ही वाहा.

प्रश्न : कोजागरीला चंद्रदर्शन ठेवलं, पण ‘नुसती पांढरी चकती दिसली’ म्हणून लोक दुर्बीणवाल्यांवरच नाराज झाले.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दोष तिथीचा. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, विवरांना सावलीच उरत नाही. शुक्ल षष्ठी ते दशमी निवडा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं उठून दिसतात. कोजागरीलाच ठेवायचं असेल तर पुढचं मोठं झाकण न काढता त्यातलं छोटं भोक तेवढं उघडा, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. आणि आज विवरं दिसणार नाहीत, हे निमंत्रणातच संयोजकांच्या नावाने छापा, म्हणजे दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्याला बोल ऐकावे लागणार नाहीत.