472 मायक्रॉन आणि सैन्याची वर्दी

(सातारा जिल्ह्यातले एक वडील लिहितात: मुलगा 22 वर्षांचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. दोन्ही डोळ्यांना उणे 5 नंबर. सीडीएस देऊन सैन्यात अधिकारी व्हायचंय. डॉक्टरांनी कॉर्निया पातळ म्हणून लॅसिकला, म्हणजे नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेला, नकार दिला. दुसरे डॉक्टर वेगळ्या पद्धतीने करून द्यायला तयार आहेत. कर्ज काढून करावं का? सैन्य नाही तर निदान रेल्वेत लोको पायलट होईल.)

नमस्कार,

तुम्ही पाठवलेला रिपोर्टचा फोटो मी मोठा करून पाहिला. कॉर्नियाच्या जाडीच्या 472 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलाय. तिथूनच सुरुवात करू.

कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच. बहुतेकांची ती 520 ते 550 मायक्रॉनच्या आसपास असते. लेसर ही काच घासून नंबर घालवतो. एका नंबरमागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात, म्हणजे उणे 5 ला 60 ते 75. लॅसिकमध्ये त्याआधी शंभरेक मायक्रॉनचा पापुद्रा उचलावा लागतो, म्हणून खालचा थर आणखीच पातळ उरतो. तो फार पातळ झाला तर काच पुढे फुगू शकते, आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. पहिल्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते या काळजीपोटी. दुसरे बहुधा पीआरके ही लेसरचीच दुसरी पद्धत सुचवत असावेत. त्यात पापुद्रा नसतो, त्यामुळे डोळ्याचा नकाशा (कॉर्नियाचा आकार दाखवणारी तपासणी) निर्दोष असेल तर ते होऊही शकेल. ते तुम्हाला फसवताहेत असं मी म्हणणार नाही.

पण आता वजाबाकी करा. 472 मधून 60 गेले तरी उरतात 412. लेसर केलेल्या उमेदवारासाठी सीडीएसच्या वैद्यकीय निकषांत अट आहे की शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया किमान 450 मायक्रॉन हवा. शिवाय ती विसाव्या वर्षानंतर केलेली हवी आणि तिला बारा महिने झालेले हवेत. वय आणि वर्षभराचा अवधी मुलगा पूर्ण करेल, पण कॉर्नियाची अट कुठल्याच पद्धतीने पूर्ण होणार नाही. थेंबांनी किंवा खुराकाने कॉर्निया जाड होत नाही. आणि लेसर न करता चष्म्यावर जायचं म्हटलं, तर उणे 3.5 पर्यंतचाच नंबर चालतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने हा हिशेब न करता लेसर केलं, वर्षभर थांबला, एसएसबी (सैन्याची निवड मुलाखत) काढली आणि मेडिकलला कॉर्निया मोजल्यावर अनफिट ठरला. समोरचा तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता! त्याचे वडील माझ्यासमोर बसून फाईल पुन्हा पुन्हा उघडत होते. ते दृश्य मला तुमच्या घरी नकोय.

म्हणून नोकरीसाठी कर्ज काढून लेसर करू नका. लोको पायलटचं तर सोडूनच द्या. तिथे चष्म्याशिवाय 6/6 लागतं आणि लॅसिक केलेला उमेदवार अपात्रच ठरतो.

मुलाला वर्दीच हवी आहे की सैन्यासाठी काम करायचंय, हे त्याला एकदा शांतपणे विचारा. मेकॅनिकलवाल्या मुलासाठी हा प्रश्न खरा आहे. पुण्यात पाषाणला डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची शस्त्रसंशोधन प्रयोगशाळा आहे. दिघीच्या प्रयोगशाळेत सैन्याच्या वाटेतले नाले ओलांडणारे पूल तयार होतात, 'सर्वत्र' पूल तिथलाच. शास्त्रज्ञांची भरती गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर आणि मुलाखतीवर होते, आणि या कामाला चष्मा आड येत नाही. सीडीएससाठी केलेलं गणित थोडंफार उपयोगी पडेल, पण गेटसाठी मेकॅनिकलचे विषय मुळापासून करावे लागतील. एक वर्ष नीट द्यावं लागेल.

पातळ कॉर्निया हा आजार नाही, हे त्याच्या आईलाही सांगा. डोळे चोळू नको म्हणावं, वर्षातून एकदा नकाशा काढून घ्या. पुढे कधी डोळ्याचा दाब तपासला तर 472 हा आकडा त्या डॉक्टरांना सांगा, कारण पातळ कॉर्नियात दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

पत्र तुम्ही लिहिलंय, पण पुढच्या वेळी त्यालाच लिहू द्या. सीडीएसचा अभ्यास तो किती दिवसांपासून करतोय आणि इंजिनिअरिंगचे कोणते विषय त्याला मनापासून आवडतात, एवढं कळवलं तरी आपण गेटचं वेळापत्रक बसवू.