उंची एक सेंटिमीटरने कमी भरते, फ्लाइंग ब्रँचचा अर्ज भरू का?

मुलगी २१ वर्षांची, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांबरोबर आली तेव्हा बराच वेळ वडीलच बोलत होते. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला, म्हणजे वैमानिकांच्या शाखेला, किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते, मुलांना आणि मुलींना सारखीच. घरी मोजली तर तिची १६१.४ भरत होती. त्यावर उपाय म्हणून रोज सकाळी बारला लटकणं सुरू होतं आणि उंची वाढवणाऱ्या पावडरीचा डबाही आणलेला होता. "सर, एका सेंटिमीटरची सूट मिळत नाही का? अमेरिकेत देतात म्हणे," वडिलांनी विचारलं.

असा प्रश्न घेऊन येणारी मुलं-मुली बरीच असतात. बहुतेकांची सुरुवात चुकीच्या आकड्यापासून झालेली असते.

आधी पावडरीचं बोललो. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे. मुलींमध्ये त्या साधारण चौदा ते सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांत हाडात रूपांतरित होऊन मिटतात. त्या मिटल्यावर कोणतंही चूर्ण, गोळी किंवा लटकणं हाड लांब करू शकत नाही. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरातही वडिलांनी पाहिली होती. तिच्यात हाड कापून धातूच्या आधाराने हळूहळू ताणतात. असं हाड घेऊन लष्करी वैद्यकीय मंडळासमोर जाणं म्हणजे एक अडचण टाळायला दुसरी मोठी अडचण ओढवून घेणं. त्या वाटेला मुळीच जाऊ नका, असं त्यांना स्पष्ट सांगितलं.

मग विचारलं, मोजलं कसं? रात्री जेवण झाल्यावर, शिवणकामाच्या कापडी टेपने, भिंतीला उभं करून आणि डोक्यावर वही ठेवून. यात चार चुका होत्या. माणूस दिवसभर उभा राहतो, बसतो, ओझं उचलतो, तेव्हा मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दबून कमी होतं आणि रात्रीपर्यंत उंची एक ते दोन सेंटिमीटर उतरते. त्यातली मोठी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतच होते. कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी होती, त्यामुळे टाचा भिंतीला टेकत नव्हत्या. आणि हातात धरलेली वही किती तिरकी होते, ते मोजणाऱ्याला कळतच नाही.

योग्य पद्धत अशी. तळाला पट्टी नसलेली सरळ भिंत आणि कडक जमीन हवी. अनवाणी उभं राहायचं, अंबाडा किंवा पोनी सोडायची. टाचा जुळलेल्या, आणि टाचा, नितंब, खांद्यांची पाती भिंतीला टेकलेली. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. हनुवटी वर केली की उंची वाढते असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात डोकं मागे कलतं आणि मोजमाप कमी येतं. डोक्यावर सुताराचा गुण्या भिंतीला चिकटवून ठेवायचा, खूण करायची आणि जमिनीपासून स्टीलच्या टेपने मोजायचं. तीनदा मोजून सरासरी काढायची. उठल्याबरोबर, सकाळी दहाला आणि संध्याकाळी, असं आठवडाभर लिहून आणायला सांगितलं.

आकडे आले: उठल्याबरोबर १६३.१, दहा वाजता १६२.४, संध्याकाळी १६१.८. म्हणजे ती एका सेंटिमीटरने कमी नव्हती, अगदी रेषेवर होती. रेषेवरच्या उमेदवाराचं नियोजन वेगळं करावं लागतं.

पण एवढ्याने काम संपत नाही. वैमानिकासाठी उंचीखेरीज आणखी तीन मापं पाहतात आणि त्यांचा विचार फार थोडे उमेदवार करतात. बसलेली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. बसलेली उंची मोजायला भिंतीला टेकवलेल्या कडक स्टुलावर ताठ बसून बैठकीपासून टाळूपर्यंतचं अंतर घ्यायचं. पायांची लांबी म्हणजे पाठ आणि नितंब भिंतीला टेकवून, पाय समोर सरळ पसरून, भिंतीपासून टाचेच्या तळापर्यंतचं अंतर. मांडीसाठी स्टुलावर गुडघे काटकोनात ठेवून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजायचं. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर पाय पसरताना गुडघे वर उचलले जातात किंवा कंबर पुढे सरकते आणि माप फसवं येतं. म्हणून या स्नायूंचं ताणणं खरोखर उपयोगी आहे, बारला लटकण्यापेक्षा कितीतरी जास्त. तिची मापं आली ८४.६, १०१ आणि ५७. तिन्ही मर्यादेत.

वडिलांना यामागचं कारण हवं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत प्रशिक्षणार्थी पिलाटस पीसी-७ मार्क २ वर उडायला शिकतात आणि त्या विमानात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, असते. सीट रॉकेटच्या जोरावर वर फेकली जाते तेव्हा मांडी फार लांब असेल तर गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेवर आपटू शकतात. बसलेली उंची जास्त असेल तर हेल्मेट कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, फार जवळ येतं. कमी असेल तर विमानाच्या नाकावरून पुढचं नीट दिसत नाही. पाय आखूड असतील तर रडरचं (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पात्याचं) पेडल शेवटपर्यंत दाबता येत नाही. पुढे हेलिकॉप्टर किंवा मालवाहू विमान मिळालं तरी सुरुवात याच कॉकपिटमधून होते.

त्यामुळेच इथे सूट नाही. गोरखा, ईशान्य भारतातले आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागातले उमेदवार यांना मिळणारी ५ सेंटिमीटरची सवलत ग्राउंड ड्यूटीच्या, म्हणजे जमिनीवरच्या कामाच्या, शाखांसाठी आहे. अमेरिकेची गोष्टही अर्धवट कानावर आलेली असते. तिथे ६४ ते ७७ इंच उंची आणि ३४ ते ४० इंच बसलेली उंची अशी अट होती. ६४ इंच म्हणजे १६२.५६ सेंटिमीटर, जवळपास आपलाच आकडा. २०१५ ते २०१९ या काळात उंचीच्या सवलतीचे ८७ टक्के अर्ज तिथे मंजूर झाले आणि मे २०२० मध्ये अमेरिकी हवाई दलाने उंचीची ही प्राथमिक अट काढून टाकली. मापं घेणं मात्र थांबलं नाही. उमेदवाराची मापं घेऊन तो कोणत्या विमानाच्या कॉकपिटमध्ये सुरक्षित बसतो, हे ते तपासतात. तिथे २० ते २९ वयोगटातल्या सुमारे ४४ टक्के महिला जुन्या अटीत सवलतीशिवाय बसत नव्हत्या. आपल्याकडेही असा विचार व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पण आजचा अर्ज आजच्या नियमावरच भरायचा असतो.

"अपील करता येतं ना?" हा पुढचा प्रश्न. येतं. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलं तर अपील मंडळ आहे आणि त्यानंतर पुनरावलोकन मंडळ, जे हक्काने मिळत नाही. उंचीच्या बाबतीत अपील म्हणजे पुन्हा मोजणी, दयेचा अर्ज नव्हे. १६२.४ खरोखरच भरत असेल तर अपिलातही तेवढंच भरेल. मोजणीत चूक झाली असेल तरच फरक पडतो.

म्हणून तपासणीच्या दिवसाची आखणी केली. दिल्ली किंवा बेंगळुरूला वैद्यकीय तपासणीसाठी रात्रभर बसून प्रवास करून थेट हजर व्हायचं नाही. एक दिवस आधी पोचायचं, रात्री आडवं होऊन पूर्ण झोप घ्यायची, सकाळी जड बॅग पाठीवर घेऊन फिरायचं नाही, आणि नंबर येईपर्यंत सोय असेल तर पाठ टेकून आडवं व्हायचं. यात लबाडी काही नाही, शरीराची खरी उंची टिकवणं एवढंच. शिवाय ती खांदे पुढे पाडून उभी राहायची. भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवण्याचा व्यायाम आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम दिले. उभं राहण्याची ढब सुधारली की काही मिलिमीटर सहज परत मिळतात.

अर्जाचं ठरवलं ते असं. पहिला पर्याय फ्लाइंग, पण ग्राउंड ड्यूटीच्या शाखाही भरायच्या. तिथे मुलींना किमान १५२ सेंटिमीटर लागतात, म्हणजे उंचीची चिंताच नाही. नौदलाच्या वैमानिकालाही १६२.५ च लागतात, त्यामुळे ती पळवाट नव्हे. उडायचंच असेल तर नागरी विमान वाहतुकीत डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) किमान उंचीची अट नाही. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी १५८ सेंटिमीटर मागते. खर्च मात्र मोठा आहे, तो आधी विचारात घ्यावा.

शेवटी तिने स्वतः तोंड उघडलं. "सीपीएसएस आयुष्यात एकदाच देता येते. उंचीत बाद झाले तर ती संधी वाया गेली ना?"

प्रश्न बरोबर होता, पण वाया जात नाही. वैमानिकाची उपजत क्षमता तपासणाऱ्या या चाचणीचा निकाल उंचीवर ठरत नाही. उत्तीर्ण झालीस तर तो निकाल पुढच्या प्रयत्नातही तुझ्याजवळ राहतो, असं तिला सांगितलं. खरी मर्यादा वयाची आहे. अफकॅटमधून, म्हणजे हवाई दलाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, फ्लाइंगसाठी २० ते २४ वर्षं. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि अर्ज साधारण जून आणि डिसेंबरमध्ये निघतात. तेव्हा येत्या फेरीचाच अर्ज भरायचा, आणि भरण्याआधी त्या वर्षीच्या अधिसूचनेतलं मापांचं परिशिष्ट वाचून आपल्या चारही आकड्यांशी ताडून पाहायचं, असं ठरलं.