कुळागरासाठी टॉमहॉक कोणता?

प्रश्न : कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) फांद्या तोडण्यासाठी व स्वसंरक्षणासाठी टॉमहॉक (एका हाताने चालवायची हलकी कुऱ्हाड) घ्यायचा आहे. मागे अणकुचीदार टोक असलेला घ्यावा की हातोडीसारखा? – एक वाचक, फोंडा

उत्तर : हातोडीसारखा, सपाट माथ्याचाच घ्यावा. घाव घालण्यासाठी हात उचलला की मागचे टोक आपल्याच खांद्याकडे वळते, आणि शेवाळलेल्या पाटाच्या काठावर पाय घसरल्यास ते अंगात रुतू शकते. सपाट माथ्याने मात्र कुंपणाची मेढ ठोकता येते. दांडा कुदळीसारखा वरून ओवलेला असावा, म्हणजे मोडल्यास घरीच बदलता येईल. स्वसंरक्षणाचा विचार कृपया सोडावा, कारण २०१६ च्या शस्त्र नियमांत युद्धाची कुऱ्हाड शस्त्रांमध्ये मोडते, शेतीचे अवजार नव्हे. रात्री चाहूल लागली तर दार लावून ११२ वर फोन करावा.